गजाला लावलेलं तेल

मांडवीला मी व्हायोलिन शिकवायचे. समुद्राच्या दमट हवेने मुलांचे लाकडी गज वाकायचे आणि माझा संताप व्हायचा. कार्बन फायबर दमट हवेतही वाकत नाही, पण तो शब्दही तेव्हा रत्नागिरीत नवा होता. मुंबईच्या दुकानात अख्खी दुपार उभी राहून मी त्यातले स्वस्तातले गज वाजवून पाहिले. एक टोकाला जड, दुसरा तारेवर नाचणारा. शेवटी एक काळा, हलका गज पसंत केला आणि सगळ्या मुलांसाठी तसाच मागवला. पालकांना ठणकावून सांगितलं, "आता ह्याला काही होत नाही."

दसरा झाला. एका बागायतदाराची मुलगी क्लासला आली, वाजवू लागली, पण आवाजच निघेना. गजाचे केस बोटांत धरले तर खोबरेल तेलाचा वास. खंडेनवमीला त्यांच्याकडे कोयता, कुदळ, फवारणीचा पंप, सगळं पुसून, तेल लावून पूजेला मांडतात. यंदा आईने नवा गजही मांडला होता.

काडी कार्बनची असली तरी केस घोड्याचेच. त्यांवर राळ घासली तरच तार बोलते, तेल मुरलं की संपलं. मी साबणाने धुतले, स्पिरिटने पुसले, पुन्हा राळ घासली. नुसता चिकटा झाला. नवे केस बसवून देणारं गावात कुणी नव्हतं.

संध्याकाळी आई मुलीला न्यायला आली, तेव्हा मी अजून गज पुसत होते. ओरडणार तरी कुणावर? तिने आधी गजाला नमस्कार केला. आवाज येत नाही, एवढंच मी सांगितलं.

"आवाज येत नाही म्हणता?" ती काळजीने म्हणाली. "तेल कमी पडलं का हो, बाई?"