मिलिंदच्या रायफली

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी ग्लासगोत, ऑफिसच्या किचनमध्ये चहाचा मग विसळत होतो. फोन त्याच्या मुलीचा, सुजाताचा. तिनं इंग्लिशमध्ये सुरुवात केली, मग बहुधा माझ्यासाठी मराठीत आली. ‘‘काका, बाबा गेला... टेस्कोच्या कार पार्कमध्ये पडला. अॅम्ब्युलन्स आला, पण...’’ पुढचं तिला कुठल्याच भाषेत बोलता येईना. ट्रेननं खाली नॉटिंगहॅमला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो आणि मला सारखं एकच वाटत होतं, की पन्नाशीही न गाठलेल्या या माणसाचं हृदय खरं तर चार वर्षांपूर्वीच थांबलं होतं. कार पार्कमध्ये फक्त ते उघडकीला आलं.

क्रेमॅटोरियममध्ये आपल्या मराठी मंडळाचे बरेच लोक आले होते. एका ज्येष्ठ गृहस्थांनी भाषण केलं. ‘‘मिलिंदराव म्हणजे चालताबोलता इतिहास. त्यांच्या छंदाचं आम्हा सर्वांना किती कौतुक!’’ प्रज्ञा, मिलिंदची बायको, पहिल्या रांगेत बसली होती. तिनं मान खाली घातली ती भाषण संपेपर्यंत वर केली नाही. हे लिहितोय ते त्या कौतुकामुळेच. त्यालाही आता सहा-सात आठवडे झाले. राग ओसरला की लिहावं म्हणून थांबलो होतो, पण तो ओसरण्यातला दिसत नाही.

आम्ही दोघं एकाच सुमारास वर्क परमिटवर आलो. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. तो भंडाऱ्याजवळच्या खेड्यातला, नागपुरात शिकलेला, इथं लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. प्रज्ञा आणि छोटी सुजाता यायच्या आधी आम्ही नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनला एक घर शेअर करत होतो. मिलिंद म्हणजे बुटका, रुंद खांद्यांचा, बोलताना ‘अबे’ म्हटल्याशिवाय वाक्य सुरू न करणारा माणूस. एका शनिवारी वेळ जात नव्हता म्हणून आम्ही गावाबाहेरच्या एका हॉलमध्ये भरलेल्या जुन्या लष्करी सामानाच्या बाजारात गेलो. मेडल्स, हेल्मेटं, बुटांचे जोड, आणि शेवटी एका डीलरच्या टेबलावर रायफली. त्यांतली एक अर्धवट दिसत होती. पुढचं लाकूड कापलेलं, नळी उघडी. युद्ध संपल्यावर इथं सरकारनं अशा रायफली स्वस्तात काढल्या आणि लोकांनी हरणांच्या शिकारीला हलक्या पडाव्यात म्हणून त्या कापल्या, असं डीलरनं सांगितलं. मिलिंदनं ती उलटी केली आणि तसाच उभा राहिला. बोल्टच्या मागे, धातूवर, मुकुटाखाली अक्षरं होती : ईशापूर. कलकत्त्याजवळचा रायफलींचा कारखाना.

‘‘अबे, हे तर आपल्याकडची थ्री-नॉट-थ्री आहे,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या आज्याच्या हातात हेच होती.’’

आजोबांची गोष्ट त्यानं मला बसमध्ये सांगितली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा साहेबाला महारांची आठवण झाली. पलटण उभी राहिली, आजोबा भरती झाले, सरहद्दीवर कुठंतरी खैबरच्या बाजूला दोन हिवाळे काढून आले. लढाई संपली, पलटण मोडली, रायफल जमा करून घेतली, आणि आजोबा त्याच गावात, त्याच वस्तीत परत आले. गावच्या विहिरीपासून तितक्याच अंतरावर. म्हातारपणी ते अंगणात पोरांना रांगेत उभं करून काठीनं ‘अटेन-शन’ शिकवायचे. मिलिंद त्या रांगेत सगळ्यात लहान असायचा. ‘‘आजा म्हणायचा, बंदूक माझी नव्हती, पण हातात होती तोवर कोणी जात विचारली नाही.’’ मग मिलिंदच म्हणाला, ‘‘विचारली असेल बे... मोठ्यानं नसेल विचारली.’’

इथं रायफल विकत घेणं म्हणजे भाजी आणणं नाही. आधी क्लबात नाव घालायचं, महिनोन्‌महिने त्यांच्या नजरेखाली शिकायचं, मग पोलिसांकडे अर्ज. ओळख देणाऱ्यांत मी होतो. एक ऑफिसर घरी येऊन सगळं बघून गेला. तोवर प्रज्ञा आली होती आणि त्यांनी स्वतःचं घर घेतलं होतं. वरच्या मजल्यावरच्या लहान खोलीत विटांच्या भिंतीला बोल्ट मारून लोखंडी कपाट बसवलं, काडतुसं वेगळ्या कुलपात. प्रज्ञाला हे अजिबात पसंत नव्हतं. ‘‘खाली बुद्धमूर्ती, दर रविवारी वंदना, आणि वर बंदुका? लोकांना काय सांगू मी?’’ मिलिंदचं उत्तर ठरलेलं, ‘‘सांग, नवरा कागदावर गोळी मारतो. कागद रडत नाही.’’ तेव्हा तरी तिला हसू यायचं.

त्या पहिल्या दिवसाची रायफल तोवर विकली गेली होती. पण तशाच कापलेल्या, ईशापूरच्याच, त्यानं एकेक करून चार जमवल्या. त्याला नेमबाजीत फारसा रस नव्हताच. त्याला त्या पुन्हा पूर्ण करायच्या होत्या. जुनं अक्रोडाचं लाकूड तो कुठून कुठून मिळवायचा, तासून, घासून, धातूवर बसेपर्यंत पुन्हा पुन्हा लावून बघायचा. मग तळहातानं जवसाचं तेल चोळायचा, रोज थोडं, आठवडेच्या आठवडे. सगळ्या घराला तो वास. सुजाता शाळेतून आली की नाक धरून ओरडायची, ‘‘बाबा, तुझा बंदूक परत वास मारतो!’’ ‘‘तुझी. मारते,’’ तो आतून दुरुस्त करायचा. एका रायफलीचा दस्ता त्यानं मुद्दाम आखूड केला. लष्करात बुटक्या शिपायांसाठी तसे वेगळे दस्ते असायचे म्हणे. ती खांद्याला लावून तो माझ्यासमोर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘आजा माझ्याएवढाच होता.’’ इतका आनंदी मी त्याला नंतर कधी पाहिला नाही.

मंडळानं एका दिवाळीत सदस्यांच्या छंदांचं प्रदर्शन ठेवलं. कुणाची नाणी, कुणाची तिकिटं, कुणाचं बोन्साय. मिलिंदनं रायफलींचे फोटो लावले, आधीचे आणि नंतरचे, आणि मधोमध आजोबांचा एकुलता एक फोटो, पगडी-पट्ट्यातला. लोक येऊन बघत होते. क्रेमॅटोरियममध्ये भाषण केलेले गृहस्थही आले. वाकून, चष्मा सरसावून त्यांनी फोटो पाहिला, आणि अगदी सहज, हातातल्या चिवड्याची डिश सांभाळत विचारलं, ‘‘अरे वा! तुमच्यातले पण होते का लढाईत?’’

मिलिंद म्हणाला, ‘‘हो. आमच्यातले पण मेले.’’

पुढं कुणीतरी येऊन सांगितलं की लहान मुलं आहेत, बंदुकांचे फोटो नकोत समोर. बाजूला तलवारींच्या मुठींचा एक संग्रह होता, तो राहिला. मिलिंदनं भांडण केलं नाही. फोटो काढून पिशवीत भरले, आजोबांचा आधी, रुमालात गुंडाळून. मी तणतणत होतो, तर मलाच म्हणाला, ‘‘चल बे, गाडी काढ.’’

मग लंडनच्या भुयारी रेल्वेत स्फोट झाले तो उन्हाळा आला. सावळ्या माणसानं पाठीला सॅक लावली तरी ट्रेनमध्ये शेजारची सीट रिकामी राहायची ते दिवस. एका संध्याकाळी, लख्ख उजेडात, मिलिंदच्या दारात पोलिसांच्या गाड्या लागल्या. कुणीतरी निनावी फोन केला होता : या घरात वरच्या लहान खोलीतल्या कपाटात लष्करी बंदुका आहेत, आणि दर रविवारी खोलीचं दार लावून आशियाई माणसांच्या मीटिंगा होतात. अख्खी गल्ली बाहेर उभी होती. पोलिस उद्धट नव्हते. लायसन्स पाहिलं, कपाट पाहिलं, प्रश्न विचारले, आणि चौकशी संपेपर्यंत म्हणून रायफली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेल्या. त्यांच्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं, असं मिलिंद स्वतःच म्हणायचा. त्याला लागलं ते वेगळंच. ‘‘रविवारी लोक येतात हे शेजाऱ्यांनाही माहीत आहे, विवेक. पण त्यांना आमचं वंदनेचं पठण बंद खिडकीतूनही ऐकू येते. शेजारची म्हातारी तर विचारते, आज गाणं नाही का? कपाट कोणत्या खोलीत आहे हे तिला नाही माहीत. ते जेवायला घरी आलेल्यालाच माहीत.’’

फोन कुणी केला ते कधीच कळलं नाही. मला संशय आहे, पण संशय छापायचा नसतो. इतकं मात्र मी पाहिलं, की त्यानंतर मंडळाची निमंत्रणं त्या घरी जायची थांबली. आणि मला जास्त कडू वाटतं ते हे, की रविवारचे लोकही गळायला लागले. व्हिसावरची माणसं, लहान मुलं असलेली, घाबरली. त्यांना बोल लावता येत नाही. शेवटी मिलिंद आणि प्रज्ञा दोघंच मूर्तीसमोर बसायचे. मग तेही हळू आवाजात.

चौकशीत काहीच निघालं नाही. वर्षभरानं लायसन्स कायम झालं. मधल्या काळात रायफली एका परवाना असलेल्या डीलरच्या गोदामात ठेवल्या होत्या, आणि ते गोदाम ओलं होतं. नळ्यांवर तांबूस गंज चढला होता, लाकूड फुगून सांध्यांत उकललं होतं. त्यानं त्या घरी आणल्या, कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं. मी तेव्हा ग्लासगोला बदली होऊन आलो होतो. फोनवर चिडून म्हणालो, ‘‘गंज काढता येतो ना? पुन्हा सुरू कर की.’’

‘‘गंज निघते बे,’’ तो म्हणाला. ‘‘पण आता हातात घेतली की मलाच वाटते, मी चोरून आणली आहे... आज्यानं तर जमा केली होती. मी कशाला परत मागायला गेलो?’’

त्यानंतर त्यानं तेलाची बाटली उघडली नाही.

तो गेल्यावर रायफलींचं काय करायचं हा प्रश्न आला. लायसन्स त्याच्या नावावर, घरात ठेवता येणार नव्हत्या. एक सभ्य ऑफिसर पर्याय समजावून गेली : विका, निकामी करून घ्या, नाहीतर नष्ट करायला द्या. सुजाता आता सतरा वर्षांची आहे. ती आईपुढं हट्टाला पेटली. ‘‘एक तरी राहू दे. तो छोटा दस्त्याचा. मी क्लब जॉइन करते.’’ प्रज्ञा म्हणाली, नष्ट. सगळ्या. मी मध्ये पडलो, म्हटलं, प्रज्ञा, त्याची इतक्या वर्षांची मेहनत आहे, त्यात तुमचा इतिहास आहे. ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘‘भाऊ, शेवटची चार वर्षं ते या घरात पाहुण्यासारखे राहिले. दारावर कोणी आलं की आधी वर बघायचे, मग दार उघडायचे. इतिहास तुम्हाला पाहिजे ना? मग तुम्ही काढा लायसन्स. तुमच्या घरी कोणी फोन करणार नाही.’’

सुजातानंही मग हट्ट सोडला. प्रज्ञा म्हणाली ते खरं होतं. पुढच्या आठवड्यात रायफली गेल्या. मशीनखाली त्यांचे तुकडे होतात, एवढं मला माहीत आहे. त्याहून जास्त मी विचारलं नाही.

परवा पुन्हा नॉटिंगहॅमला जाऊन आलो. निघताना म्हटलं, एकदा वरची खोली बघून येतो. प्रज्ञा किल्ली घेऊन माझ्यापुढं जिना चढली. दुपारचे बारा वाजले असतील, नॉटिंगहॅमला क्वचितच पडतं तसं स्वच्छ ऊन होतं. तिनं दार ढकललं, आणि आत पाऊल टाकायच्या आधी, दारातूनच हात लांब करून खिडकीचा जाड पडदा ओढून घेतला. मग दिवा लावला. पोलिस येऊन गेल्यानंतर मिलिंद रोज तसंच करायचा, हे मला तिच्या हातावरून कळलं. इतकं ते सराईत होतं. खोलीत एक इस्त्रीचं टेबल आणि सुजाताची जुनी पुस्तकं. कपाटाच्या जागी भिंतीत बोल्टांची भोकं, बाकी काही नाही.

मी म्हटलं, ‘‘प्रज्ञा, आता कशाला? उघडा की पडदा.’’

तिनं पडद्याची कड मुठीत धरली. क्षणभर मला वाटलं, सारते बाजूला.

‘‘राहू द्या भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘समोरून दिसतं.’’