तेरा नंबरचा पाना

फोन आला तेव्हा मी गच्चीच्या जिन्यात होतो आणि माझ्या हातात पक्कड होती. पक्कड कशासाठी, ते पुढे सांगतो. सांगायला लाज वाटते, पण गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं आणि स्वतःचं तेवढं झाकून ठेवायचं, हे काही बरं नाही. पलीकडून एका बाईचा आवाज आला. "तुम्ही वारेवाले सर का?" मी म्हणालो, राँग नंबर. "थांबा काका, ठेवू नका. मी नांदेडहून संगीता बोलायले, मारोतरावांची मुलगी. बाबांच्या मोबाइलमध्ये तुमचं नाव असंच हाय..." आणि मग तिनं सांगितलं, बाबा काल सकाळी गेले. चहा पिता पिता. मी जिन्यातल्या पायरीवरच बसलो. खाली घरात टीव्ही चालू होता, अगदी व्यवस्थित चालू होता.

मारोतराव मूळचे उमरीचे, पण सगळी हयात लातुरात गेली, लोकांच्या घरांवर. म्हणजे खरोखर घरांवर. आधी माशाच्या काट्यासारख्या अँटेना लावल्या, मग केबल ओढली, मग डिश आल्या. गावातली निम्मी माणसं ते गच्चीवरून ओळखायचे. माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या अकलेमुळे. माझी बायको सुमन गेली त्या वर्षी मुलानं फोनवर सारखा धोशा लावला, बाबा, एक मोठा टीव्ही घ्या, घरात आवाज राहील. मग मी गंजगोलाईजवळच्या दुकानात जाऊन पंचावन्न इंची टीव्ही आणि पाच स्पीकर अधिक एक डबडं असा होम थिएटर घेऊन आलो. निवडायची माझी पद्धत सोपी होती : ज्या खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा, ते खोकं माझं. पाचही स्पीकर कपाटावर एका ओळीत मांडले, गणेश मंडळासारखे. तांबडी, पिवळी, पांढरी वायर दिसेल तिथे खोचली आणि आठ महिने शेजाऱ्यांना बोलावून सांगत राहिलो, "बघा, एचडी! बॉलरच्या कपाळावरचा घाम मोजून घ्या." शेजारी बिचारे डोळे बारीक करून हो म्हणायचे.

एकदा वादळात डिश फिरली म्हणून मारोतराव आले. डिशचं काम उरकून खाली उतरले, टीव्हीकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, हे काय बघून राहिले तुम्ही?"

"एचडी."

"एचडीला चार गोष्टी लागतात. टीव्ही तसा पायजे, बॉक्स तसा पायजे, वायर तशी पायजे अन् च्यानल तसा घेतलेला पायजे. तुमच्याकडं एकच हाय. अन् तुम्ही शिकवता काय?"

"शिकवायचो. भूगोल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या पोरांची त्यांना कीव आली असावी. त्यात आणखी भर म्हणून मी विचारून बसलो, चॅनलवाले सगळे मुंबईला, मग डिशचं तोंड पश्चिमेला नको का? "उपग्रह मुंबईला न्हाई राहत सर," ते शांतपणे म्हणाले. "तो आग्नेयेला हाय. अन् लई वर हाय."

पुढच्या रविवारी ते नवी वायर आणि जुना बॉक्स बदलून नवा घेऊन आले. आल्या आल्या खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी टाळी वाजवली. एकच. टाळी भिंतींवर आपटून परत आली. "खोली लई रिकामी हाय," ते म्हणाले. त्यांना आवाजाबद्दल म्हणायचं होतं... मी मात्र खिडकीकडे तोंड केलं. त्यांनी विचारलं, एखादी गोधडी हाय का जाड? सुमनच्या हातची होती, ट्रंकेत. ती त्यांनी मागच्या भिंतीवर खिळ्यांनी टांगली आणि पुन्हा टाळी वाजवली. या वेळी ती परत आली नाही. मग कपाटावरचे दोन स्पीकर उतरवून माझ्या खुर्चीच्या मागे, उजव्या-डाव्या बाजूला लावले. मी कुरकुरलो, मागे कशाला, मला काय पाठीला कान आहेत? ते म्हणाले, "मागचे मागंच पायजेत सर. मागं कुणीतरी हाय असं वाटलं पायजे." मग स्वयंपाकघरातून दुसरी खुर्ची आणून माझ्या शेजारी टाकली, आवाज नीट येतो का हे तपासायला. तपासता तपासता कुस्तीचा अख्खा फड बघून गेले.

ते गेल्यावर घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. चित्र सुरेख, आवाज सुरेख, आणि बोलावं असं कुणी नाही. महिनाभर मी वादळाची वाट पाहिली. आलं नाही. मग एका शनिवारी पक्कड घेऊन गच्चीवर गेलो, डिशचा नट सैल केला आणि डिश बोटभर सरकवली. खाली येऊन पाहिलं : सिग्नल गेला. तीस वर्षांच्या नोकरीत इतकं नेमकं प्रात्यक्षिक मला कधी जमलं नव्हतं. फोन केला, "मारोतराव, वाऱ्यानं डिश फिरली हो." रविवारी चार वाजता ते हजर. दहा मिनिटांचं काम, दोन तासांचा टीव्ही, दोनदा चहा. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "तुमच्या गच्चीवरचा वारा लई हुशार हाय सर. नेमका शनिवारी सुटतो." आता कबूल करायला हवं होतं. पण मी काय केलं? परतीचा मान्सून, कमी दाबाचा पट्टा आणि बालाघाटाच्या डोंगररांगा यांवर त्यांना वीस मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी चेहऱ्यावरची रेघ हलू न देता सगळं ऐकून घेतलं. "हाव का? मला वाटलं, आमच्या उमरीचाच वारा तेवढा बेभरवशाचा."

शेवटच्या खेपेला ते गच्चीवर बराच वेळ होते. खाली आले तेव्हा धाप लागली होती. "जिना वाढवला काय?" म्हणून हसले. महिनाभर लेकीकडे नांदेडला जातो म्हणाले. निघताना दारात चप्पल घालता घालता थांबले. "मी न्हाई तोवर वाऱ्याला सांभाळा." मी म्हणालो, सांगून ठेवतो त्याला. ते परत यायच्या आदल्या आठवड्यात मी पक्कड घेऊन जिना चढत होतो, म्हणजे आल्या आल्या त्यांना यावंच लागेल... आणि फोन वाजला.

त्यानंतर पाच आठवडे मी गच्चीवर गेलो नाही. परवा पाण्याची टाकी बघायला गेलो, तर डिशच्या खांबाला दुधाची एक जुनी पिशवी तारेनं घट्ट बांधलेली दिसली. माझ्या हाताला येईल एवढ्याच उंचीवर. आत फडक्यात गुंडाळलेला तेरा नंबरचा पाना होता, तेल लावलेला. पकडीनं मी कोपरे झिजवून गोल करून ठेवलेला जुना नट काढून त्यांनी तिथे नवा बसवला होता. आणि डिशच्या पट्टीपासून खांबापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली होती. रेघ जुळली की डिश जागेवर, एवढं भूगोलाच्या मास्तरालाही कळावं अशी. सैल करायची सोय करून ठेवली होती, आणि पुन्हा जुळवायचीही. यातली कुठली सोय त्यांच्या मनात होती? त्यांना जिना झेपणार नाही, हे त्यांना कळलं होतं का? विचारायचं तर त्यांनाच विचारायला हवं.

पाना नटाला लावला. काय छान बसला! अर्धा फेरा सैल केला, डिशवर हात ठेवला. सरकवायची सवय हाताला होतीच. पण सरकवून फोन कुणाला लावणार होतो? रेघेला रेघ आहे ना ते बघून नट पुन्हा आवळला. पाना फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला, पिशवी खांबाला बांधली. तारेला त्यांच्यासारखा पीळ काही देता आला नाही.

खाली आलो. मागच्या स्पीकरमधून कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. चित्र अगदी स्वच्छ होतं.