जास्तीचा थेंब

कॉलेजात ॲनालिटिकल केमिस्ट्रीला काय असतं, असं शेजारच्या मुलीनं परवा विचारलं. मी म्हटलं, बसायचं असतं. मलाही तिच्यासारखंच वाटलं होतं, धूर निघेल, काहीतरी फुटेल. तसलं काही नाही. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर काचेचा चंबू ठेवून त्याच्याकडे बघत बसायचं. भांडी धुवायची, पुन्हा धुवायची. आणि वजन करायचं. तराजू काचेच्या पेटीत, वजनं चिमट्यानं उचलायची, बोट लावायचं नाही. काटा हलू नये म्हणून पंखा बंद. नागपूरच्या मार्चमध्ये पंखा बंद करून श्वास धरून उभं राहायचं. नाकावरचा घाम पेटीत पडेल म्हणून मी मान वाकडी करून वजन करायचे.

मी सातवीत शाळा सोडलेली. कऱ्हाडकडच्या आमच्या गावात वडील गेल्यावर आई आणि मी म्हशीचं दूध घरोघर घालायचो. दादा रेल्वेत लागून नागपूरला गेला, लग्नही तिकडचंच केलं. वहिनी उमरेडच्या विणकरांच्या घरातली. तिला दिवस गेले तेव्हा हाताखाली कुणीतरी हवं म्हणून मला बोलावलं. बाळ चालायला लागलं तरी वहिनीनं मला परत पाठवलं नाही. "घरी जाऊन काय करशीन वं? मॅट्रिकले बस ना बाहेरून," म्हणाली, आणि पुस्तकंही तिनंच आणली. आजही तिच्यासमोर मी पाय पसरून बसत नाही.

मॅट्रिक होऊन मी कॉलेजात गेले. दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, दादानं खाली बघत सांगितलं, "आईचं आता एकटीचं होत नाही. वार्षिक परीक्षेत पास झालीस तर तिची काहीतरी सोय करतो, तू शिक. नापास झालीस तर मे महिन्यात गावी जा." लेखी परीक्षेची मला भीती नव्हती. प्रॅक्टिकलची होती. आणि खरं सांगायचं तर गावी जा म्हटल्यावर शिक्षण सुटणार हे दिसलं, तसा गोठ्याचा वासही आला. शेण, ओली पेंड, आईच्या लुगड्याला लागलेलं दूध. मला पास व्हायचं होतं आणि घरीही जायचं होतं. दोन्ही एकदमच.

प्रॅक्टिकलमध्ये माझं बिघडायचं ते टायट्रेशनला. उभ्या नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, कॉस्टिक सोड्याचं पाणी. खाली चंबूत आम्ल. नळीची तोटी हळूहळू सोडायची. चंबूत फिक्का गुलाबी रंग येऊन टिकला की थांबायचं आणि किती सोडा लागला ते वाचायचं. पुन्हा केलं तरी आकडा तोच यायला हवा. माझा कधीच यायचा नाही. रंग आलेला दिसायचा. पण खरंच आला का? पुरेसा आहे का? म्हणून मी अजून थोडं सोडायचे. चंबू गडद व्हायचा.

माझ्या टेबलावरची जोडीदारीण नागपूरजवळच्या कुहीची होती, भातशेती असलेल्या घरातली. ती हसायची. "आलं पाह्य, पुन्हा राणी कलर! काहून वं, लग्नाची साडी रंगवून राहिली का?"

"मला वाटलं अजून नाही झालं."

"तुले कधीच वाटत नाही. जेवतानाही असंच करते का? पोट फुटेपर्यंत?"

एकदा सर मागे येऊन उभे राहिले होते, मला कळलंच नाही. ते म्हणाले, "रंग आला होता. तुम्ही पाहिलातही. मग पुढचा थेंब कशासाठी?"

"समाधान होत नाही, सर."

सगळी टेबलं हसली. सर हसले नाहीत. "कुणाचं?" एवढंच विचारून पुढं गेले.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारातच मिळालं. दूधवाल्या भैयानं माप ओतलं, रोजच्यासारखं. मी पातेलं पुढं धरून तशीच उभी.

"और क्या, दीदी? हो गया."

आतून वहिनी म्हणाली, "रोजचंच आहे हिचं. दूध घेते आन् उभीच राह्यते."

मी कशाची वाट बघत होते ते तेव्हा कळलं. आई माप रितं करायची आणि वर एक धार सोडायची. सगळ्यांना, न चुकता. ती धार दिली नाही तर दूध नुसतं विकल्यासारखं वाटायचं. माझा हातही तिच्यासोबत दारोदार तसाच तयार झाला होता. माप भरलं म्हणजे संपलं, हे त्या हाताला ठाऊकच नव्हतं.

कळलं म्हणून हात लगेच ऐकतो असं नाही. जोडीदारणीला आईच्या धारेचं सांगितलं, तेव्हा तिनं शक्कल काढली. रंग टिकला की ती टेबलावर टिचकी मारायची आणि मी हात काढून पाठीमागे धरायचा. "मागं! मागं घे वं हात, तुह्या आईले सांग, गिऱ्हाईक गेलं!" सुरुवातीला मला राग आला. मग हसू आलं. मग एका दुपारी दोन आकडे जुळले, आणि ती माझ्या पाठीत धपका घालून म्हणाली, "चाल, आता चहा तू पाज."

परीक्षेला मात्र टिचकी मारायला कुणी नव्हतं. ती पलीकडच्या रांगेत. बाहेरचे परीक्षक फिरत होते. चंबूत रंग आला, कागदावर गुलाबाची पाकळी घासावी इतका फिक्का. मी चंबू हलवला. रंग राहिला. बोटं तोटीवर होती आणि आई शेजारी दुधाचं माप धरून उभी असल्यासारखी वाटत होती. मी मनात म्हटलं, आई, बस. आणि हात काढून पाठीमागे धरला.

परीक्षक थबकले. "असं का उभ्या आहात?"

"झालं, सर," मी म्हणाले.

मी पास झाले. वहिनीनं शिरा केला. संध्याकाळी दादा कामावरून आला आणि म्हणाला, चार दिवस आईकडे जाऊन ये, तिला मामाकडे पोचवायची आहे, म्हशी विकायचं ठरलंय. त्यानं दोन तिकिटं माझ्या हातावर ठेवली. एक जायचं, एक यायचं.

"पास झाली तं रडून काहून राहिली वं?" वहिनीनं विचारलं.

तिला काय सांगणार? गावाहून परत यायचं तिकीट मी त्याआधी कधी हातात धरलं नव्हतं.