संपात उघडी राहिलेली अंगणवाडी

मी चौथी शिकले. पुढची शाळा ओढ्यापलीकडे होती आणि घरात भाऊ लहान होता. लिहायला बसले की हात दुखतो, पण हे लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात आहे. कोणाला दाखवणार नाही.

डोळखांबच्या पुढे आमचा पाडा आहे. तिथल्या अंगणवाडीत मी मदतनीस. कुलूप काढायचे, झाडायचे, पाणी भरायचे, घरोघर जाऊन मुलांना हाताला धरून आणायचे, खिचडी शिजवायची. शिकवायचे काम ताईंचे. त्या सेविका, दोन गावांपलीकडून जीपने येतात. वयाने माझ्याहून लहान, तरी मी त्यांना ताई म्हणते आणि त्या मला मावशी. ताई आजारी असल्या की मुलांकडून अ आ मीच म्हणून घेते. चौथीचे तेवढे पुरते.

त्या वर्षी सरकारने आमच्यावर कायदा लावला. ताईंनी तो समजावून सांगितला. अंगणवाडीचे काम अत्यावश्यक, म्हणून संप केला तर नोकरी जाईल, तुरुंगही होऊ शकेल. तोवर आम्हाला कागदावर कर्मचारीसुद्धा म्हटले नव्हते. मानसेवी म्हणत, म्हणजे आपखुशीने सेवा करणाऱ्या. आता एकदम अत्यावश्यक झालो. तरी संप ठरला, त्या कायद्याच्या विरोधातच ठरला. शहापूरला आमच्या अंगणवाड्यांच्या कचेरीसमोर बायका बसल्या. मुरबाडच्याही आल्या. मी मागे बसायची. घोषणा देताना माझा आवाज निघत नाही, नुसते ओठ हलतात.

चौथ्या दिवशी मी पाड्यावरच होते. सकाळी पाय आपोआप अंगणवाडीकडे गेले. ओट्यावर शेळ्या बसलेल्या, सगळीकडे लेंड्या. मी कुलूप काढून आतली केरसुणी घेतली. दार उघडे दिसल्यावर पाच-सहा मुले ताटल्या घेऊन आली.

"आज खिचडी नाय रे," मी म्हटले. ती तरी आपापल्या जागी बसली.

तेवढ्यात सुपरवायझर बाई गाडीतून उतरल्या.

"शाबास मावशी. तुम्ही तरी शहाण्या निघालात."

त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. मी, केरसुणी आणि मुले. मग दोन कागद काढून त्यांवर बोट ठेवले. मला वाचता येते, पण वेळ लागतो, आणि कोणी समोर उभे असले की तो वेळ घ्यायची लाज वाटते. इतकी वर्षे बोट ठेवले तिथे सही केली, तशीच केली. एक प्रत माझ्या हातात देऊन बाई गेल्या. मुलांना घरी पाठवून मी उंबऱ्यावर बसून ती वाचली. 'मी संपात सहभागी नाही. केंद्र सुरू आहे.'

दुसऱ्या दिवशी शहापूरला गेले तर फोटो माझ्याआधी पोचला होता.

"आली बघा सरकारची लाडकी," कसाऱ्याकडची एक सेविका म्हणाली.

"झाडता झाडता संप पण झाडलास काय गो?" दुसरी म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

ताई हसल्या नाहीत. मला चिंचेखाली घेऊन गेल्या.

"मावशी, मला विचारायचं तरी."

"झाडायला गेलते ताई. शेळ्यांनी घाण केलती."

"आणि सही?"

मी ती प्रत काढून त्यांच्या हातात दिली. ताईंनी ती वाचली. मग हळू म्हणाल्या, "आमाला आज नोटिसा आल्या. कामावरून काढू म्हणून. तुझं नाव नाय त्यात. तुझ्या घरात दुसरं कमावणारं कोण नाय. तू गप राह्य. बायका बोलतील ते बोलू दे."

त्यांनी मनापासून सांगितले होते. माझे मालक वारल्यापासून घर याच कामावर होते. पण माझ्या सहीचा अर्थ आता मला कळत होता. मदतनीस हजर, केंद्र सुरू, म्हणजे एकट्या ताईच गैरहजर. त्यांना काढायला माझाच कागद उपयोगी पडणार होता.

मी उठून कचेरीत मोठ्या साहेबांसमोर गेले. ताई मागून हाक मारत होत्या.

"साहेब, मी संपात हाय."

साहेबांनी वर बघितले. "फोटो आहे की मावशी."

"झाडत होते."

"झाडणं म्हणजे कामच ना?"

मी तिथेच उभी राहिले.

"सही तुमच्या फायद्याची आहे. घरी जा."

"ती खोडा."

"खोडता येत नाही."

"मग कोरा कागद द्या."

कारकुनाने दिला. मी बाकावर बसून लिहिले. त्याने दोनदा विचारले, झाले का म्हणून. मी लिहिले, 'मी मदतनीस. मी संपात आहे. मागची सही न वाचता केली. ही वाचून करते.'

साहेबांच्या झाडण्याबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर मला परतताना जीपमध्ये सुचले. मुलांची जागा घाण राहू नये म्हणून मी झाडते ते माझे. हुकमाने झाडायचे ते त्यांचे, आणि ते थांबवायचा हक्क माझ्याकडे राहिला पाहिजे. आमच्या हातात कामावर न जाणे एवढेच असते. ते काढून घेतले तर आमचे कोण ऐकणार?

तीन दिवसांनी मलाही नोटीस आली.

त्याच आठवड्यात विहिरीवर एका मुलाची आई भेटली. मूल आधीच अशक्त.

"पोर खिचडी मागतंय," ती म्हणाली. "तुमचं कवा संपायचं?"

"तुझी आजी वेठीला जायची ना गो? नाय म्हणता येत व्हतं काय तिला? आमचंबी तसंच करायला निघालेत," मी म्हटले.

ती हंडा उचलून गेली.

पुढे तो कायदा आमच्यावरून उठला, नोटिसाही मागे घेतल्या. पुन्हा लावणार नाही असे मात्र कोणी लिहून दिलेले नाही. संप मिटल्यावर पहिल्या दिवशी त्या मुलाला मीच वजनकाट्यात बसवले. आकडा ताईंनी वाचला. वजन घटले होते. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितले नाही. त्या मुलाचे मला आजही वाईट वाटते. आणि तसा कागद पुन्हा समोर आला तर मी पुन्हा संपातच राहीन.