केसाएवढी रेघ

वार्षिक तपासणीसाठी मी त्या चार आसनी विमानाचं इंजिन उघडलं होतं. बॅटरीच्या उजेडात इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर केसाएवढी रेघ दिसली. नख फिरवलं, तर अडकलं. तडाच होता.

मालक प्रमोदराव आईला पहिल्यांदाच विमानात बसवायला घेऊन आले होते. काठपदराची साडी नेसून आजी हँगरच्या दारात बसल्या होत्या.

"मॅडम, कालच उडवलंय मी. एक फेरी मारू द्या, मग बदला नळी."

"नाही. या तड्यातून विषारी धूर केबिनमध्ये शिरला तर कळायच्या आधीच शुद्ध हरपेल."

"आई एवढी हौसेनं आलीये हो!"

मलाही वाईट वाटत होतं. पण मोटार बिघडली तर रस्त्याच्या कडेला घेता येते; आकाशात तशी जागा नसते. तिथं म्हणता न येणारं 'नाही' इथं जमिनीवरच म्हणावं लागतं. विमान उडवायला योग्य असल्याच्या दाखल्यावर मी सही केली नाही.

आजी उठून आल्या, चष्मा पुसून रेघ बघत राहिल्या.

"एवढीशी?"

"एवढीशीच, आजी."

"बदल मग. मी परत येईन."

नवी नळी बसली, तपासणी पूर्ण झाली, तेव्हा त्या खरंच आल्या.

"आता हो म्हणतेस?"

"हो."

मुलानं पुढे केलेला हात बाजूला सारून त्या स्वतःच पंखावर पाय ठेवून आत चढल्या.