चकाचकने विसळलेली बाटली

पाणीपुरवठा खात्यात नळांचे नमुने गोळा करणाऱ्या माणसाला सगळे चकाचक म्हणत. अकरा वर्षांत त्याचा एकही नमुना नापास झाला नव्हता. याचं श्रेय पाण्याला नसून आपल्या हाताला आहे असं त्याचं मत होतं, आणि ते खरं निघालं.

माणूस कमालीचा स्वच्छ. साबण वापरण्याआधी साबण धुवायचा. जंतुतपासणीच्या बाटल्या प्रयोगशाळेतून झाकणबंद यायच्या, पण तळाशी चिमूटभर पांढरं काहीतरी असायचंच. ते बघून त्याच्या डोक्यात तिडीक जायची. प्रत्येक बाटली तो नळाखाली तीनदा खळखळून विसळायचा आणि मगच भरायचा. क्षार मोजायच्या बाटल्या अशाच विसळायच्या असतात, आणि नोकरीला लागला तेव्हा तो तेवढंच शिकला होता. वर दोनदा लेखी तक्रारही केली होती, की बाटल्या नीट धुवून पाठवाव्यात.

त्याची थोरली बहीण पाइपलाइनच्या अगदी शेवटच्या घरात राहायची. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे एकामागून एक सगळ्यांची पोटं बिघडली. ताईने पाण्याकडे बोट दाखवलं. चकाचकने स्वतः तिच्या नळाचा नमुना घेतला. तो पास झाला. अहवाल घेऊन तो तिच्या घरी गेला आणि सुनेदेखत म्हणाला, "पाण्याला नावं ठेवू नकोस, ताई. आधी तुझा ओटा बघ."

 त्यानंतर दोन वर्षं ताई त्याच्याशी बोलली नाही. निरोप आलाच तर सुनेच्या तोंडून, "मामांना सांग" एवढ्यापुरता. आपण खरं बोललो म्हणून बहीण तुटली, असं चकाचक स्वतःला सांगायचा. जेवण मात्र कमी झालं होतं.

यंदा प्रयोगशाळेत नवी तंत्रज्ञ आली. जुन्या फायली चाळताना तिला त्या दोन तक्रारी सापडल्या आणि तिने त्याला बोलावून घेतलं. अखेर कुणीतरी दखल घेतली, म्हणून हा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. तिने खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं, की ती पूड मुद्दाम घातलेली असते. पाण्यातलं क्लोरीन ती जागच्या जागी निकामी करते, म्हणजे नळाशी असलेले जंतू प्रयोगशाळेपर्यंत जिवंत पोचतात. पूड धुतली की क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं. चकाचकची सायकलफेरी तीन तासांची होती.

"तुमच्या बाटलीतलं पाणी सगळ्यात शुद्ध होतं, काका," ती म्हणाली. "नळातलं कसं होतं ते कुणालाच माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताईच्या दारात उभा राहिला. सुनेने नळ दाखवला. ताई भाजी निवडत राहिली. त्याने हात धुतले, नळाचं तोंड ज्योतीने तापवलं, पाणी थोडा वेळ वाहू दिलं. बाटली उघडली. तळाशी पांढरी पूड होती. त्याचे हात शिवशिवले. त्याने न विसळता बाटली भरली आणि तडक प्रयोगशाळा गाठली.

दोन दिवसांनी अहवाल आला. नमुना नापास झाला होता.

साहेबांनी त्याला केबिनमध्ये घेतलं. बिघाड कालपरवाचा आहे असं लिही, म्हणाले, लाइन खोदून घेऊ, अकरा वर्षं कशाला उकरतोस. चकाचकने कागद मागितला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, की जंतुतपासणीचे आपले आजवरचे सर्व नमुने रद्द समजावेत, बाटल्या आपणच विसळत होतो. खाली सही केली. साहेब म्हणाले, या सहीने तुझी चौकशी लागेल. तो म्हणाला, लागू दे, आणि कागद आवक टेबलावर देऊन पोच घेतली.

त्याच संध्याकाळी अहवाल घेऊन तो ताईकडे गेला. तिने चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"माझा ओटा नापास केलास," ती म्हणाली, "तेव्हाची बाटली विसळली होतीस?"

"तीनदा."

"चुकलास?"

"चुकलो, ताई."

तिने कागदाची घडी केली आणि डब्याखाली ठेवली. "दोन वर्षं पाणी उकळतेय मी," ती म्हणाली. "तुझ्या अहवालावर विसंबले असते तर सून घरी नसती, दवाखान्यात असती. बस."

तो बसला. तिने कोरडा पेला पुढे केला आणि उकळलेल्या पाण्याचा तांब्या घ्यायला वळली. पेल्याच्या तळाशी एक बारीक डाग होता. चकाचक उठला आणि पेला विसळायला नळाकडे निघाला.

ताई तांब्या घेऊन नुसती बघत उभी राहिली.

तो परत येऊन बसला आणि पेला तसाच पुढे धरला.