कोमट डबा

या पोरांनो, असे दाराशी काय बसलात? जवळ या. आणि "निवांत वेळ मिळाला की फोन करतो" हे वाक्य आज माझ्यापुढे नको. व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकचं रडगाणंही नको. त्या वाक्याची मला धास्तीच बसली आहे. का, ते ऐका.

"दोन सूर आत, दोनच बाहेर," असं म्हणत आमच्या शेजारचे अण्णा दोन बोटं नाचवायचे. सरकारी कारखान्यातून निवृत्त, एकटे, आणि हॅम रेडिओचं, म्हणजे घरच्या बिनतारी यंत्रावरून गावोगावी बोलायचं, वेड. आवाज लांब पोचावा म्हणून त्यांनी घरीच अ‍ॅम्प्लिफायर बांधला होता. त्यात दोन शिट्ट्या सोडायच्या आणि पडद्यावर बघायचं. दोनच उंच रेघा दिसायला हव्यात. आजूबाजूला आणखी उगवल्या, तर यंत्र आवाज बिघडवतंय आणि ती घाण दुसऱ्यांच्या बोलण्यात जाऊन पडणार.

"आल्या बघा अक्का, न बोलावलेल्या पाहुण्या," म्हणायचे आणि पुन्हा पेचकस उचलायचे.

यंत्राला केबलने जोडलेला एक रंगाचा जुना डबा होता, तेलाने भरलेला. संध्याकाळी तो छान कोमट व्हायचा. बेंगळुरूच्या थंडीत माझं इडलीचं पीठ फुगेना, तर म्हणाले, आणा पातेलं, ठेवा डब्याशेजारी, स्वल्प तरी उपयोग होऊ दे. काय फुगायचं हो पीठ.

रोज सहाला निपाणीचे त्यांचे थोरले भाऊ रेडिओवर हाक मारायचे. "आहे रे दादा, इथंच आहे," म्हणून अण्णा सुरू. भिंतीपलीकडून मला अण्णांचं सगळं ऐकू यायचं. माझ्या इडल्यांना नावं ठेवून व्हायची, गुडघेदुखी व्हायची. मला वाटे, काय माया आहे दोघांची.

एकदा दुपारी मला हाताला धरून पडद्यासमोर नेलं. दोनच रेघा. बाकी सगळं जमिनीला टेकलेलं. डोळे भरले होते त्यांचे.

"सरी अक्का, जमलं एकदाचं. उद्या सहाला डबा काढतो."

मला वाटलं, अडगळ आवरणार असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलंच नाही. झोपेतच गेले होते.

भाऊ आले. समजूत घालायला मी म्हटलं, दादा, रोज बोलणं होत होतं, तेवढंच समाधान. ते म्हणाले,

"कुणाशी? वर्षभर त्याचा शब्द ऐकला नाही मी. रोज हाक मारायचो नुसती."

मग हळूहळू निघालं. चार मित्र ऐकत असताना या दादांनीच रेडिओवर अण्णांना म्हटलं होतं, तुझा आवाज फाटतोय, आधी यंत्र नीट कर, मग माझ्याशी बोल. थोरल्याने चेष्टा केली, धाकट्याने आज्ञा मानली. यांना वाटलं, रुसलाय. आणि थोरल्याने आधी फोन कसा करायचा, म्हणून हेही अडून बसले.

उठून त्यांनी केबल चाचपली. ती डब्यालाच होती.

"चाचणी करताना एरियलऐवजी हा लावतात, अक्का. बोललेलं सगळं तेलात जिरतं. बाहेर काही जात नाही. ऐकायची तार तेवढी वेगळी आहे."

म्हणजे दादाची हाक त्यांना पोचत होती, उत्तर मात्र डब्यात. आणि माझं पीठ वर्षभर त्या बोलण्यावर फुगत होतं.

भाऊ जमिनीवर बसले आणि त्यांनी डब्याला कान लावला. मीही हात ठेवला. गार होता.

तर तुमचा आवाज फाटका असू दे, घाईचा असू दे. रविवारी या. हल्ली इडल्या दडस होतात माझ्या, तेवढं चालवून घ्या, पण या.